दिवसाला दोन पेन्स

ग्रिम्सबीत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
त्याच सुमाराला ऑटवेबाई येतात.
मी तेव्हा खालच्या फळीशी गुडघे टेकून
किमतीच्या चिठ्ठ्या बदलत असतो.
चिठ्ठीवर ठसठशीत आकडा बाटलीचा,
आणि कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढा, एका गोळीचा.
तो कोपरा वाचणारं गिऱ्हाईक
सात वर्षांत मला एकच भेटलं.

एका हातात भिंग. दुसऱ्यात गॅसच्या बिलाचा लिफाफा, पालथा,
आणि घोड्यांवर पैसे लावायच्या दुकानातली आखूड पेन्सिल.
(नवऱ्याची तेवढीच कमाई मागे उरली, म्हणतात.)

"ही सोनेरी. तीस गोळ्या, नऊ पौंड.
गोळीला तीस पेन्स.
आणि आत? शेजारच्या डबीत आहे तेच,
वर जिनसेंगचा नुसता वास.
ही दुसरी. नव्वद गोळ्या, पाच पौंड चाळीस.
सहा पेन्स! म्हणून मी हरखते,
तोवर भिंग खाली घसरतं :
रोज दोन घ्याव्यात.
लबाड कुठले. बारा झाले की."

फसफसणारी पाण्यात टाकली की मौज वाटते,
पण मौजेचे दहा पेन्स त्यांना परवडत नाहीत.
जेलीची अस्वलं त्यांनी हातातसुद्धा घेतली नाहीत.

मग सगळ्यात खालची, धूळ बसलेली, साधी पांढरी.
एकशे ऐंशी. सात पौंड वीस. रोज एक.
चार.
चाराखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.
जस्त पुरेसं, आयोडीन आहे, ब-बारा आहे,
कॅल्शियम नावापुरतं.
"पुरतं घातलं असतं तर गोळी घोड्यालाही गिळवली नसती,"
असं मला, की भिंगाला, कोण जाणे.

एकतीस वर्षं मासळीच्या लिलावात
यांनी पेट्या मोजल्यात.
बर्फ किती आणि मासा किती,
हे झाकण न उघडता सांगायच्या.
शाळेत असताना वर्गभर एकच चमचा फिरायचा,
कॉडच्या यकृताच्या तेलाचा.
"फुकट होतं ना,
म्हणून कुणी विचारलंच नाही थेंबात काय आहे ते."

काउंटरवर एफुआ होती, आमची फार्मासिस्ट.
बाटली हातात घेतली, वळवली, खाली ठेवली.
"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना अजून?"
"आहे."
"यात के आहे. क्लिनिकला विचारल्याशिवाय नको.
जेवता काय?"
"हेरिंग. कोबी, रोज तेवढाच. बटाटा. अर्धं संत्रं."
"अर्धं का?"
"अर्धं उद्याचं."
एफुआ हसली नाही.
"मग हिवाळ्यापुरतं नुसतं डी घ्या.
नव्वद गोळ्या, एक पौंड ऐंशी."

लिफाफाभर गणित
आणि चार वाक्यांत निकाल.
मला वाटलं, बाई खट्टू होतील.
त्यांनी पेन्सिल कानामागून काढली,
उरलेल्या कोपऱ्यात वजाबाकी केली,
आणि चढ्या भावाची पेटी
पाडून घेतल्यासारखा चेहरा केला.
"पाच पौंड चाळीस वाचले.
मासेवाल्याची गाडी किती वाजेपर्यंत असते रे?"
"साडेचार."
चार वीस झाले होते.
काठी असूनही बाई भरभर गेल्या.
लिफाफा राहिला माझ्याकडे.

लॉकरमध्ये माझी स्वतःची एक बाटली आहे,
तीच, सोनेरी.
नोकरांना सवलत असते, मार्चमध्ये घेतली होती.
काल रात्री लिफाफ्यावर जागा होती म्हणून
मीही मांडून पाहिलं.
सवलत धरून आठ पौंड दहा.
आजवर आठवणीनं खाल्ल्या नऊ.
गोळीला नव्वद पेन्स.

ऑटवेबाईंना हे मी सांगितलेलं नाही.